पखवाज ऐकलेलं मॉडेल: एआय घेऊन नवे नाद कसे घडवतात

फक्त पखवाज ऐकून शिकलेल्या एआय मॉडेलला कुकरची शिट्टी ऐकवली तर ते काय करतं? शिट्टी म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नसतं. त्याच्याकडे सामान आहे ते थापांचं, शाईच्या आसेचं (म्हणजे थापेनंतर रेंगाळणाऱ्या नादाचं), कणीक लावलेल्या डाव्या पुडीच्या घुमाऱ्याचं. समोरून आलेला लांबलचक, चढत जाणारा आवाज ते याच सामानातून उभा करू बघतं. मग ऐकू येतं ते असं की पखवाजाची आस कुणीतरी ओढून लांबवली आहे, तिच्यात मधूनच थापांचे अर्धवट तुकडे फडफडताहेत, आणि शिट्टी थांबताच एक ओली थाप पडून सगळं बंद होतं. हा आवाज पखवाजावर वाजवून निघणार नाही आणि कुकरमधून तर नाहीच नाही.

प्रायोगिक संगीत करणाऱ्यांना एआयची ओढ लागली आहे ती अशा नादांसाठी. ‘दोन ओळी टाइप करा, गाणं घ्या’ छापाच्या ॲप्सची चर्चा जास्त होते, त्यांच्याबद्दल पुढे थोडं बोलूच. पण मला ज्याचं खरं अप्रूप आहे ते छोट्या, स्वतः शिकवलेल्या मॉडेल्सचं. त्यांच्यात काय घालायचं हे ज्या क्षणी आपण ठरवतो, त्या क्षणी रचना सुरू झालेली असते. हे सगळं आतून कसं चालतं ते समजून घ्यायला गणित यायला हवं असं नाही. कान तयार असला की पुष्कळ झालं.

आकड्यांची रांग

संगणकाच्या दृष्टीने आवाज म्हणजे आकड्यांची एक लांब रांग. माइकचा पडदा हवेच्या दाबाने मागेपुढे हलतो. तो कुठे आहे हे सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून लिहिलं की सीडीच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण झालं. मिनिटभराच्या एकाच चॅनेलमध्ये २६ लाखांहून जास्त आकडे येतात.

२०१६ मध्ये गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीच्या वेव्हनेट या मॉडेलने या आकड्यांना थेट हात घातला. आतापर्यंतचे आकडे बघायचे, पुढचा कोणता असेल याचा अंदाज करायचा, मग त्याच्या पुढचा, असं सेकंदभराच्या आवाजासाठी १६,००० वेळा. आवाज चकित करणारा होता, पण तयार व्हायला वेळ फार लागायचा. २०२० मध्ये ओपनएआयने ज्यूकबॉक्स आणलं. ते १२ लाख गाण्यांवर शिकलेलं होतं आणि गळ्यासकट गाणी तयार करायचं, मात्र एका मिनिटाच्या आवाजाला सुमारे नऊ तास घ्यायचं. मैफलीत याचा काय उपयोग?

वेगाचं हे कोडं ज्यांनी सोडवलं त्यांत पॅरिसच्या इरकाम या संस्थेचं नाव महत्त्वाचं. संगीत आणि विज्ञान एकत्र नांदावेत म्हणून संगीतकार पिएर बुलेझ यांनी ती उभी केली होती. तिथल्या आंत्वान कायों आणि फिलिप एस्लिंग यांनी २०२१ मध्ये ‘रेव्ह’ नावाचं मॉडेल मांडलं. सेकंदाला ४८,००० आकड्यांच्या दर्जाचा आवाज ते साध्या लॅपटॉपच्या प्रोसेसरवर तयार करतं, आणि तोही प्रत्यक्ष वाजायला जेवढा वेळ लागतो त्याच्या वीसपट वेगाने. म्हणजे माइकसमोर गा आणि लगेच दुसऱ्याच आवाजात स्वतःला ऐका.

बोल आणि थाप

हे कसं जमलं ते समजायला तबल्याच्या वर्गात जाऊ. गुरुजी तोंडाने ‘धा तिरकिट धा तिरकिट’ म्हणतात. त्या बोलांत तबल्याचा नाद नसतो, शाई नसते, पुडीचा ताण नसतो. तरी ज्याच्या हातात तबला बसला आहे तो तेवढ्यावरून ‘कायदा’ ही आख्खी रचना वाजवून दाखवतो. बोल ही आवाजाची आटवून आटवून इवलीशी केलेली नोंद आहे, आणि ती उलगडायची तर उलगडणाऱ्याच्या अंगात ते वाद्य मुरलेलं असावं लागतं. आता तेच बोल पखवाज वाजवणाऱ्याला द्या. लय तीच राहील, वजन तेच राहील, आवाजाची जात मात्र बदलेल.

रेव्हमध्येही असेच दोन भाग आहेत. पहिला ऐकतो आणि नोंद करतो, त्याला एन्कोडर म्हणतात. दुसरा नोंद वाचून वाजवतो, तो डिकोडर. शिकवताना एकच खेळ लाखो वेळा चालतो. पहिल्याने ऐकलेलं मूठभर आकड्यांत आटवायचं, दुसऱ्याने त्यावरून मूळ आवाज परत उभा करायचा, मग मूळ आणि नक्कल शेजारी ठेवून फरक मोजायचा आणि तो कमी व्हावा म्हणून दोघांच्या आतल्या लाखो बारीक जुळण्या थोड्याथोड्या हलवायच्या. हे बऱ्यापैकी जमलं की एन्कोडरला आहे तिथे थांबवतात आणि डिकोडरसमोर एक पारखी बसवतात. हा खरा आवाज की बनवलेला, एवढंच तो सांगत राहतो. पारख्याला चकवता चकवता डिकोडरच्या आवाजात बारकावा येतो, धूसरपणा जातो.

एका वेळी २,०४८ आकड्यांचा तुकडा आटवला जातो. म्हणजे सेकंदाला ४८,००० आकड्यांच्या जागी साधारण २३ नोंदी, आणि प्रत्येक नोंदीत मोजकेच आकडे. काम हलकं झालं ते इथे.

या मोजक्या आकड्यांच्या प्रदेशाला लेटंट स्पेस म्हणतात. प्रयोग करणाऱ्यांसाठी खरी मौज तिथेच आहे. समजा मॉडेलला आठ आकडे आहेत. पडद्यावर आठ खुंट्या आहेत असं धरा, पण एकीवरही नाव नाही. पहिली पिळली की आवाज लहानमोठा होतो. दुसरी पिळली की तो उजळतो किंवा काळवंडतो. तिसरीने काहीतरी होतं, पण त्याला शब्द नसतो, आवाज घासल्यासारखा होतो आणि त्याच वेळी दूरही जातो. या खुंट्यांचा नकाशा कुणी तयार करून देत नाही, तो कानानेच लावायचा. मग आपल्या गळ्यातून आलेले पहिले दोन आकडे तसेच जाऊ द्यायचे आणि उरलेले एका जागी गोठवायचे. किंवा दोन आकड्यांची अदलाबदल करायची. किंवा एखाद्याला शिकताना कधीच न दिसलेल्या टोकापर्यंत ढकलायचं. तिथे मॉडेल चाचपडायला लागतं, आणि ते चाचपडणं ऐकण्यासारखं असतं.

काय ऐकवायचं

या कामात सगळ्यात कमी बोललं जातं ते ध्वनिमुद्रणाबद्दल, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त कला तिथे आहे. मॉडेलचा कान आपण घडवतो. जे त्याच्या कानावर पडलंच नाही ते त्याच्यासाठी अस्तित्वात नाही, आणि जे पडलं ते सगळंच महत्त्वाचं आहे असं ते समजतं. खोलीतल्या पंख्याची घरघर ही वाद्याचा भाग नाही हे त्याला कोण सांगणार?

पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचं मॉडेल मी कोकणातल्या एका घराच्या पडवीत केलेल्या ध्वनिमुद्रणांवरून तयार केलं. नुसत्या सरी, रिमझिम, पागोळ्या, वाऱ्याने तिरका झालेला मारा. त्यात कुठेही स्थिर स्वर नव्हता. म्हणून त्या मॉडेलसमोर ‘आ’ लावला की स्वर हरवतो आणि मुसळधार सुरू होते. आवाज हळू केला की सर मंदावते. ‘श’ आणि ‘स’ जवळजवळ जसेच्या तसे पलीकडे जातात, कारण ते मुळातच पावसाच्या जातीचे आहेत. ‘ट’, ‘क’, ‘त’ म्हटलं की पत्र्यावर एकेक थेंब वाजतो. एखादी तिहाई तोंडाने म्हटली तर पाऊस सम गाठतो! त्या ध्वनिमुद्रणात दूरवर एक कोंबडा आरवला होता आणि मी तो कापला नाही. आता पाचवी खुंटी एका टोकाला नेली की पावसाच्या आत एक पुसट, वाकडं आरवणं उमटतं.

कच्चा माल कसा असावा? एकाच जातीचे आवाज, तासाभराहून जास्त, आणि त्या जातीत शक्य तितकी विविधता. पखवाज असेल तर फक्त परणी, म्हणजे बांधलेल्या रचना, पुरेशा नाहीत. सुटे बोल हवेत, हलकी थाप हवी, पुडीवरून नुसता फिरवलेला हात हवा, स्वर मिळवताना गठ्ठ्यांवर पडणारी हातोडीही हवी. माइक शक्यतो एकच आणि जागाही एकच. देवळाच्या सभामंडपात रेकॉर्ड केलं तर मंडपाचा घुमारा आवाजात कायमचा शिजतो, तो हवा असेल तरच तसं करावं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या क्लिप वापरू नयेत, कारण फाइल लहान करताना आवाजाला आलेली चिरचिरही मॉडेल मन लावून शिकतं. अर्थात ती चिरचिरच कुणाला हवी असेल तर त्याने खुशाल वापराव्यात, हे क्षेत्रच तसं आहे.

शिकवायला चांगलं ग्राफिक कार्ड लागतं आणि ते काही दिवस चालू ठेवावं लागतं. ते घरी नसेल तर भाड्याने मिळतं. मधल्या टप्प्यांवर मॉडेलच्या प्रती साठवून ठेवता येतात, त्यांना चेकपॉइंट म्हणतात. या प्रती पुसू नका. आयरिश संगीतकार जेनिफर वॉल्श यांनी आपल्या एकटीच्या आवाजाची ध्वनिमुद्रणं एआयने संगीत करणाऱ्या दादाबॉट्स या जोडीला दिली. नेटवर्क, म्हणजे मॉडेलच, त्यावर शिकत गेलं आणि त्या शिकण्याच्या टप्प्यांचाच वापर करून वॉल्श यांनी २०२० मध्ये एक आख्खा अल्बम केला. सुरुवातीला नुसतं घशातलं कुजबुजणं आणि हळूहळू वॉल्श यांच्या जवळ येत जाणारा गळा. शेवटच्या पक्क्या प्रतीइतकीच पहिली कच्ची प्रतही तिथे संगीत ठरली.

याच दादाबॉट्सनी २०१९ मध्ये यूट्यूबवर डेथ मेटल या कर्कश रॉक प्रकाराचा अखंड प्रवाह सुरू केला होता. कॅनडातल्या एका बँडच्या वादनावर शिकलेलं नेटवर्क चोवीस तास वाजत राहायचं. अतिवेगवान ड्रम आणि घोगरं ओरडणं हे त्या नेटवर्कला इतकं मानवलं की ते भरकटत नसे. सगळ्या संगीताच्या बाबतीत असं होत नाही. कुठल्या जातीचा आवाज कुठल्या तंत्राला मानवतो हे करून बघितल्यावरच कळतं.

यंत्राला भिडण्याची जुनी सवय

हे सगळं आकाशातून पडलेलं नाही. १९४८ मध्ये पॅरिसच्या रेडिओवर संगीतकार पिएर शेफेर यांनी आगगाडीचे मुद्रित आवाज कापून, उलटवून, पुन्हा पुन्हा वाजवून रचना केल्या तेव्हाही प्रश्न हाच होता की आवाज मूळ जागेवरून उचलला की त्याचं काय होतं.

आपल्याकडची गोष्ट तर अहमदाबादची आहे. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग कंपनीचा सिंथेसायझर (विजेवर आवाज घडवणारं वाद्य) आणि टेप मशिनं घेऊन इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. पुढची तीनेक वर्षं तिथे गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी काम केलं. त्यातल्या गीताबाई स्वतः पखवाज वाजवत. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून देणाऱ्या त्याच. या टेप्स कित्येक वर्षं संस्थेच्या संग्रहात पडून होत्या आणि २०२३ मध्ये त्या लोकांसमोर आल्या. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर राग वाजवून जो अल्बम केला, त्याचं मोलही जगाला फार उशिरा कळलं. नवं यंत्र हाती आलं की आधी त्याच्या कंपनीने सांगितलेलं काम बाजूला ठेवून बघायचं, ही वृत्ती इथे जुनीच आहे.

राग कुठे बसतो

आता त्या ‘टाइप करा, गाणं घ्या’ ॲप्सकडे. ही प्रचंड मोठी मॉडेल्स असतात. मेटाने २०२३ मध्ये आणलेलं म्युझिकजेन २०,००० तासांच्या परवानाधारक संगीतावर शिकलेलं आहे. इतक्या ढिगाऱ्यातून शिकलेलं मॉडेल, शब्द वाचले की त्या शब्दांसोबत जे सर्वात संभवनीय तिकडे झुकतं. ‘लावणी’ म्हटलं की ढोलकीसारखं काहीतरी येतं खरं, पण ठेका कुठल्याही जाहिरातीत शोभेल असा गुळगुळीत असतो. प्रयोग करणाऱ्याला नेमकं असंभवनीय हवं असतं, म्हणून मला ही साधनं तशी तोकडी वाटतात. त्यांचा एक उपयोग मात्र आहे. त्यांच्याकडून अर्ध्या मिनिटाचे तुकडे काढायचे, कापायचे आणि आपल्या छोट्या मॉडेलमधून गाळून घ्यायचे.

हिंदुस्थानी संगीताची अडचण आणखी खोल आहे. संगणकाच्या संगीतव्यवहारात १९८३ पासून स्वर आकड्यांत लिहायची मिडी ही पद्धत रुळली, आणि तिच्या मुळाशी पियानोची पट्टी आहे. स्वर सुटे, एकेका पट्टीवर बसलेले. आपलं गाणं तर दोन स्वरांच्या मधल्या वाटेवर चालतं. मींड, आंदोलन, कण हे त्या पद्धतीत धड लिहिताच येत नाहीत, मग त्यावर शिकणारं यंत्र ते शिकणार कुठून? म्हणून संशोधकांनी स्वरांऐवजी स्वररेषा धरली, म्हणजे गळा क्षणाक्षणाला किती उंचीवर आहे याचा सलग आलेख. बार्सिलोनात झाविएर सेरा यांच्या नेतृत्वाखाली २०११ मध्ये सुरू झालेल्या कॉम्पम्युझिक प्रकल्पाने हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताचे संग्रह तयार केले, आणि या अभ्यासात आयआयटी मुंबईतल्या प्रीती राव यांच्या गटाचाही मोठा वाटा आहे. २०२४ मध्ये मांडलेलं ‘गमधनी’ हे मॉडेल आधी स्वररेषा तयार करतं आणि मग त्या रेषेला गळा देतं. रेषा आपण हाताने काढून दिली तरी चालते.

रेव्हला मींडेची अडचण नाही, कारण ते स्वर मोजतच नाही, आवाज सरळ घेतं. पण त्याला राग कळतो असं मात्र समजू नये. त्याची नजर एका छोट्या तुकड्यापलीकडे जात नाही. सारंगीवर शिकलेलं मॉडेल गजाची घासणी हुबेहूब आणेल, पण वादी कोण, न्यास कुठे, आवर्तन कधी संपतं हे त्याच्या गावीही नसतं. ते सगळं गाणाऱ्याने सांभाळायचं.

आवाज कुणाचा

पावसाची परवानगी घ्यावी लागत नाही. माणसाची घ्यावीच लागते. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. कोणाचाही आवाज त्यांच्या आवाजात बदलून देणारी साधनं त्यांच्या संमतीशिवाय उपलब्ध करणं हा त्यांच्या व्यक्तिमत्त्व-हक्कांचा भंग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाने असंच संरक्षण दिलं. ए. आर. रहमान यांनी २०२४ मध्ये दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयच्या मदतीने एका गाण्यात वापरले, तेव्हा त्यांच्या कुटुंबीयांची परवानगी घेऊन मानधन दिल्याचं त्यांनी जाहीर केलं होतं.

नामवंतांकडे वकील असतात. मला काळजी वाटते ती गोंधळी, वासुदेव, भजनी मंडळातले टाळकरी यांची. त्यांचे आवाज मोबाइलवर सहज टिपले जातात आणि कुणाच्या तरी मॉडेलमध्ये जिरून जातात. कलाकार म्हणून त्यांचाही त्या सादरीकरणावर हक्क आहे.

यातून चांगली वाट काढता येते, हे हॉली हर्नडन आणि मॅट ड्रायहर्स्ट या कलाकार जोडीने दाखवलं. हर्नडन यांनी २०२१ मध्ये स्वतःच्या आवाजाचं मॉडेल लोकांना वापरायला दिलं. कुणीही आपली फाइल टाकावी आणि ती त्यांच्या गळ्यातून परत घ्यावी. २०२४ मध्ये लंडनच्या सर्पेन्टाइन गॅलरीतल्या प्रदर्शनासाठी या दोघांनी ब्रिटनभरच्या १५ गायनवृंदांचं ध्वनिमुद्रण केलं. त्यासाठी त्यांनी खास गीतपुस्तिका लिहिली होती, मॉडेलला हवेत तसे आवाज गाऊनच मिळावेत म्हणून. आणि जमा झालेल्या डेटावर गाणाऱ्यांचा सामूहिक हक्क राहावा अशी व्यवस्था करून बघितली. कच्चा माल गोळा करणं हेच तिथे मैफल झालं होतं.

सुरुवात करायची तर

आधी स्वतःचं मॉडेल शिकवायला बसू नका. इतरांनी शिकवलेली रेव्हची मॉडेल्स उतरवून घेता येतात. प्युअर डेटा हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात इरकामचाच एनएन-टिल्ड हा जोड बसवला की मॉडेल तिथे उघडतं. हेडफोन लावा, माइकसमोर बोला, टिचक्या वाजवा, कागद चुरगळा. आवाज परत येईपर्यंत कानाला जाणवण्याइतका उशीर लागतो, म्हणून ठेक्यावर ठेका धरायचा हट्ट सुरुवातीला नको, लांब स्वर आणि पोत यांपासून सुरू करा. मग हेडफोन काढून स्पीकर हळू आवाजात लावा आणि मॉडेलचाच आवाज माइकमध्ये परत जाऊ द्या. ते स्वतःचंच ऐकून स्वतःला उत्तर देत सुटतं आणि आकडे हळूहळू आपोआप सरकू लागतात. कुठे सरकतात हे ऐकलं की त्या मॉडेलचा स्वभाव कळतो.

एवढं झालं की स्वतःचं ध्वनिमुद्रण करायला घ्या. ज्या फोल्डरमध्ये आवाज ठेवाल त्यातच एक साधी मजकूर फाइल ठेवा. आवाज कुणाचा, कुठे टिपला, कोणत्या माइकवर, त्या व्यक्तीने कशाला होकार दिला आणि कशाला नाही, पैसे दिले का, मॉडेल पुढे तिसऱ्याला देता येईल का. हा होकार त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच आवाजात टिपून ठेवला तर आणखी चांगलं. मॉडेल दुसऱ्या कुणाला दिलंत तर ही फाइलही त्याच्यासोबत जाऊ द्या.